नियम पाठ, तरी बोलताना क्रियापद अडतं

"सगळे नियम पाठ आहेत हो, पण बोलायची वेळ आली की क्रियापदापाशी अडखळते. वय आडवं येतंय का?" जपानी नव्याने शिकणाऱ्यांकडून हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. म्हणून एका ताईंचा अनुभव सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

ताई चाळिशीच्या, पुण्यात नोकरी करणाऱ्या. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन-५ची, म्हणजे सर्वांत सोप्या पातळीची, तयारी सुरू होती आणि गाडं क्रियापदाच्या 'ते' रूपापाशी (आपल्या 'जाऊन', 'खाऊन'सारखं, पुढचा शब्द जोडायचं रूप) रुतलं होतं. वहीत रंगीत पेनांनी आखलेला तक्ता होता: शेवटी उ, त्सु, रु असेल तर 'त्ते', मु, बु, नुला 'न्दे', कुला 'इते', गुला 'इदे', सुला 'शिते'. त्यात एकही चूक नव्हती. मी म्हटलं, "'कृपया जा' असं म्हणा बघू." त्या वहीकडे बघत पुटपुटल्या, "इकु... कुचं इते... इइते कुदासाइ."

"घरातून निघताना जपानी माणूस काय म्हणतो?"

"इत्ते किमास." उत्तर तत्काळ आलं.

"आणि तुम्ही?"

"जाऊन येते." एवढं म्हणून त्या थांबल्या, आणि मग हसल्याच. 'इकु'चं नियमाबाहेरचं रूप, 'इत्ते', त्यांच्या तोंडात पहिल्या धड्यापासून होतं.

वयाचा प्रश्न तिथेच मिटला. तक्ता लिहिलेलं तपासायला उत्तम. पण बोलताना क्रियापदाचा गट कोणता (म्हणजे त्याला हा तक्ता लागतो की 'रु' काढून नुसतं 'ते'), शेवट कोणता, अपवाद आहे का, इतकं ठरवेपर्यंत समोरचा पुढे गेलेला असतो. रूप वाक्यासकट तोंडात बसायला हवं, आणि त्यासाठी मराठी माणसाकडे मोठी शिदोरी आहे. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणं, 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणं, 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणं. मात्र सगळीकडे 'ऊन' लावू नका. 'ताबेते इरु' म्हणजे खातो आहे, तर 'केक्कोन शिते इरु' म्हणजे लग्न झालेलं आहे. तिथे 'लग्न करतोय' असा अर्थ घेतलात तर घोटाळा होईल.

त्यांची दुसरी अडचण जास्त खोल होती, आणि ती बहुतेकांची असते. वर्गात आधी 'मास' रूप शिकवतात. बोलायला ते सोपं आणि सभ्य, पण त्यात क्रियापदाचा गट झाकला जातो. 'ओकिमास' (उठणे) आणि 'काकिमास' (लिहिणे) दिसायला सारखी. मूळ रूपं मात्र 'ओकिरु' आणि 'काकु', म्हणून एकाचं 'ओकिते', दुसऱ्याचं 'काइते'. मूळ रूपही कधी दगा देतं: 'काएरु' म्हणजे परतणं असेल तर 'काएत्ते', बदलणं असेल तर 'काएते'. त्यामुळे नवं क्रियापद एकटं लिहायचंच नाही. मूळ रूप, 'ते' रूप आणि रोजच्या वापरातलं एक वाक्य, तिन्ही सोबत लिहायचं आणि मोठ्याने म्हणायचं.

कानाचंही काम असतं. किते (येऊन), कित्ते (कापून), कीते (ऐकून). खडा आणि खड्डा यांत आपली गल्लत होत नाही, म्हणून 'कित्ते' लवकर जमतं. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना पाळतो, बोलताना फारसं नाही; म्हणून 'किते-कीते'ला वेळ लागतो. सभेत 'ऐका' म्हणायच्या ऐवजी ताई 'या' म्हणाल्या होत्या, तेव्हापासून त्यांनी बोलणंच टाळलं होतं. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षा नसते, त्यामुळे हे टाळणं तिथे लक्षातही येत नाही. मी त्यांना रोज कुणाशी तरी, निदान स्वतःशी, जपानीत बोलायला लावलं.

पुढे त्या भूतकाळाच्या 'ता' रूपासाठी नवा तक्ता आखून आल्या. तो मी बाजूला ठेवायला सांगितला. 'ते'च्या जागी 'ता', 'दे'च्या जागी 'दा': इत्ते-इत्ता, नोन्दे-नोन्दा (पिणे), ताबेते-ताबेता. त्या दिवशी सकाळपासून काय काय केलं, ते त्यांनी वही न उघडता सांगितलं.