प्रशीतन नव्हे, निववणं

रबाळे एमआयडीसीतले एक सुपरवायझर विचारतात : सॉलिड-स्टेट लेझरच्या मशीनची सूचनापत्रिका मराठीत करतोय. 'सॉलिड-स्टेट'ला काय लिहू, आणि 'कूलिंग'ला प्रशीतन की शीतलीकरण?

प्रशीतन वाचलं की माझं डोकं तापतं. प्रशीतन म्हणजे तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमधली सफरचंदं. लेझरसाठी पाणी गार करणारा चिलर प्रशीतन करतो, पण ते पाण्याचं. लेझरमधल्या स्फटिकाला फक्त अंगातली उष्णता बाहेर टाकायची असते. निओडिमियम-याग या स्फटिकाचा रॉड ८०८ नॅनोमीटरचा प्रकाश गिळतो आणि १०६४चा सोडतो. या व्यवहारात ऊर्जेचा जवळजवळ चौथा हिस्सा उष्णता होऊन रॉडमध्येच राहतो. कडा पाण्याने गार, गाभा तापलेला, की रॉडचंच भिंग होतं आणि किरण बिघडतो.

'थंड'ही नको. वर्कशॉपात 'मशीन थंड पडलंय' म्हणजे बंद पडलंय.

घरात शब्द असताना ही वणवण कशाला? 'भात परातीत निववून घे' म्हणतोच ना आपण? आपसूक होतं ते निवणं, मुद्दाम करायचं ते निववणं. छोटा लेझर ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला घट्ट बसवला की निवतो. मोठा, डीआय (आयन काढून टाकलेलं) पाणी फिरवून निववावा लागतो. इंग्रजीला 'पॅसिव्ह' आणि 'ॲक्टिव्ह' अशी दोन विशेषणं लागतात, आपलं एका 'व'वर भागतं.

आता गंमत. हा 'निव' आला संस्कृत निर् + वा यातून. वा म्हणजे वाहणं, फुंकणं. प्राकृतात णिव्वाइ, मराठीत निवणे. आणि याच धातूचं निर्वाण! पाणिनीचं सूत्रच आहे, 'निर्वाणोऽवाते' (८.२.५०) : वाऱ्याबद्दल बोलायचं तर 'निर्वात', एरवी 'निर्वाण'. पाणिनीवरच्या 'काशिका' टीकेतली उदाहरणं पाहा : अग्नी, दिवा आणि भिक्षू, तिघेही एका रांगेत. भिक्षूचं निर्वाण आणि परातीतला भात एकाच घरचे. संतांचा जीव पदोपदी निवतो तो उगाच नाही.

एक निवृत्त प्राध्यापक मला दर भेटीत ऐकवतात की निवणे हे 'निवांत'वरून आलं. अहो सर, निवांत आला निवातापासून, म्हणजे वारा पडलेला. वारा पडल्यावर काय निवतं? मे महिन्यात घोडबंदर रोडला बिनपंख्याचं बसून दाखवा, मग बोलू.

तेव्हा 'निववण यंत्रणा' लिहा, आणि खाली माझी एक ओळ घाला. वागळे इस्टेटमध्ये भाच्याने ऐन जुलैत चिलर १८ अंशांवर लावला होता. आपल्याकडे तेव्हा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं तो, पंचविशीच्या आसपास. तासाभरात लेझरच्या हेडमधल्या भिंगावर दव धरलं, नळीवरून थेंब ओघळायला लागले. पावसाळ्यात पाणी दवबिंदूच्या वरच ठेवा. त्याखाली गेलात की ते तुमचं लाडकं प्रशीतन.

हां, सॉलिड-स्टेट राहिलंच. 'घनस्थिती' लिहा.