हार्मोन, मेंदू आणि वर्तन : पीएचडीला अमेरिकेत यायचं असेल तर

तुमचे प्रश्न थोडक्यात असे : प्राणिशास्त्रात एमएस्सी झालंय, जवळीक आणि जिव्हाळ्याशी जोडलेल्या ऑक्सिटोसिन या हार्मोनवर काम करून ऑटिझमवर उपाय शोधायचाय, त्यासाठी अमेरिकेत यावं का, आधी तिथे मास्टर्स करावं का, विद्यापीठ कोणतं घ्यावं आणि पुढे काय. मी याच विषयात इथे पीएचडी आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) केलं, अजूनही त्यातच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मास्टर्सची गरज नाही. न्यूरोसायन्सच्या पीएचडीत सहसा फी माफ असते आणि स्टायपेंड मिळतो. मास्टर्सचे पैसे बहुतेकदा आपल्याच खिशातून जातात. मात्र पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात, हे घरी आधीच सांगून ठेवा. जर्मनीत साधारण तीन-चार वर्षांत होते आणि तिथे लागणारं मास्टर्स तुमच्याकडे आहेच. तिकडेही अर्ज करा.

विद्यापीठाच्या नावावर जाऊ नका. आपल्या विषयात त्याआधी प्राणी बघायचा. प्रेअरी व्होल हा उंदरासारखा छोटा प्राणी जोडी करून राहतो, नरही पिल्लं सांभाळतो. त्याच्याच कुळातला मोन्टेन व्होल जोडी करत नाही. १९९२ मध्ये टॉम इन्सेल आणि लॉरेन्स शापिरो यांनी दाखवलं की या दोघांच्या मेंदूत ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर (पेशींवरचे, हार्मोन पकडणारे रेणू) वेगवेगळ्या भागांत पसरलेले असतात. तिथून या कामाला मोठा वेग आला. पण व्होलची पैदास ठेवणाऱ्या लॅब मोजक्याच आहेत, आणि सगळीकडे मिळणारा साधा उंदीर अशी जोडी करत नाही. तेव्हा आधी तुमचा प्रश्न पक्का करा, मग त्याला योग्य प्राणी कुठे आहे ते शोधा.

रोजचं काम कसं असतं? तीन कप्प्यांची पेटी. एका टोकाला जोडीदार, दुसऱ्या टोकाला अनोळखी व्होल, दोघंही बांधलेले. ज्याची चाचणी आहे तो मोकळा. तीन तासांत तो कुणाला किती वेळ बिलगून बसला, ते व्हिडिओवरून मोजायचं. हल्ली सॉफ्टवेअर मोजतं, तरी सुरुवातीला स्वतः बसून बघाच. बिलगणं कुठलं आणि नुसतं शेजारी थांबणं कुठलं, हे नजरेत बसल्याशिवाय सॉफ्टवेअरचं चुकतंय की बरोबर येतंय हे कळत नाही. पुढे मेंदूचे पातळ काप काढायचे, रिसेप्टरला चिकटणारा किरणोत्सारी रेणू त्यावर सोडायचा आणि काप फिल्मला लावून काही दिवस वाट बघायची, मग रिसेप्टर कुठे आहेत ते फिल्मवर उमटतं. या रिसेप्टरला नेमकं ओळखून चिकटणारी भरवशाची अँटिबॉडी मिळणं फार कठीण, म्हणून ही जुनी पद्धत टिकून आहे.

मेंदू हवा म्हणजे प्राणी मारावा लागतो. ज्याला तासन्‌तास पाहिलं, त्यालाच. मला आजही तो दिवस जड जातो, आणि जड जायलाच हवा असं मला वाटतं. तुम्हाला ते झेपेल का, याचा विचार तिकीट काढण्याआधी करा.

आता ऑटिझमबद्दल. २०२१ मध्ये २९० मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. २४ आठवडे नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा देऊनही सामाजिक वागण्यात प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या फवाऱ्यापेक्षा) लक्षणीय फरक पडला नाही. २०२३ मध्ये तर क्रिस्पर या जनुक बदलण्याच्या तंत्राने ऑक्सिटोसिनच्या रिसेप्टरचं जनुक निकामी केलेल्या व्होलनीही जोड्या केल्या. यामुळे खचू नका. जन्मापासून रिसेप्टर नसेल तर मेंदू दुसरी वाट काढतो का? व्हॅसोप्रेसिन हे ऑक्सिटोसिनसारखंच दुसरं हार्मोन किती भार उचलतं? मोठेपणी रिसेप्टर बंद केला तर काय होतं? 'प्रेमाचं हार्मोन' या सोप्या गोष्टीपेक्षा हे प्रश्न कितीतरी श्रीमंत आहेत. उपाय शोधण्याची इच्छा सोडू नका, पण अर्जात तसं वचन देऊ नका. यातला एक प्रश्न नीट मांडा.

पैसा आणि व्हिसा. एनआयएच या अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेची एफ३१ ही विद्यार्थी फेलोशिप परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही, त्यामुळे तुमचा भार बराचसा गाइडच्या ग्रँटवर किंवा विद्यापीठावर असतो. पोस्टडॉकमध्ये एनआयएचचीच के९९ ही ग्रँट मात्र ग्रीनकार्ड नसलं तरी चालते. तिचा अर्ज पहिल्या काही वर्षांतच करावा लागतो, आणि प्राध्यापक व्हायचं असेल तर तिचा फार उपयोग होतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर एक वर्ष आणि विषय स्टेममधला (विज्ञान-तंत्रज्ञानाचा) असल्यामुळे आणखी २४ महिने काम करता येतं. पोस्टडॉक जे-१ या एक्सचेंज व्हिसावर असेल तर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट तुम्हाला लागू होते का, ते सही करण्याआधी लेखी विचारा. २०२५ पासून निधीची परिस्थिती डळमळीत आहे, काही विभागांनी प्रवेशही कमी केले, म्हणून एकाच देशावर अवलंबून राहू नका.

प्राध्यापकांना ईमेल लिहाल तेव्हा त्यांचा एक पेपर खरोखर वाचून त्यावर एक प्रश्न विचारा. मार्क आणि बक्षिसं सीव्हीत राहू द्या. बोलणं पुढे गेलं की ग्रँट कधी संपते, तिथून पीएचडी झालेले आता कुठे आहेत, हे विचारा. आणि त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी गाइड समोर नसताना बोला. ईमेलचा मसुदा झाला की पाठवा, मी वाचून सांगते.