जुन्या आरएक्स १०० चा पिकअप परत कसा आणायचा?

प्रश्न असा आहे: "वडिलांची १९९३ सालची यामाहा आरएक्स १०० गोव्यात पर्वरीला वापरतो. तीन वर्षं उभी होती, आता चालू केली. चालते, पण जुना पिकअप नाही, चढाला तर जीवच नाही. गॅरेजवाला पोर्टिंग, मोठा कार्ब्युरेटर आणि मोकळा सायलेन्सर सुचवतोय. करून घेऊ का?"

नका करू. निदान आत्ता तरी नकोच.

१९८५ ते १९९६ या काळात विकल्या गेलेल्या या गाडीचं इंजिन ९८ सीसीचं, टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या प्रत्येक वर-खाली फेरीत पेट्रोल जाळणारं. त्यातून ११ अश्वशक्ती निघायची, आणि गाडीचं वजन होतं १०३ किलोच्या आसपास. तिचा सगळा पिकअप या दोन आकड्यांत आहे. तुमच्या गाडीतून आज ते अकरा घोडे चाकापर्यंत पोचत नाहीयेत. जे मुळात होतं ते वाटेत कुठे मुरतंय हे शोधायच्या आधी वरून नवीन घालायला गेलात, तर पैसे जातील आणि गाडीही हातची जाईल.

हे मी अनुभवावरून सांगतोय. मी डिचोलीचा. माझी आरएक्स मामांकडून आलेली. पंधरा वर्षांपूर्वी मीही एका गॅरेजवाल्याचं ऐकून पोर्टिंग करून घेतलं. त्याने एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे जळलेला वायू बाहेर जायचं सिलिंडरमधलं भोक, वरच्या बाजूने घासून मोठा केला. सपाट रस्त्यावर वरच्या आरपीएमला गाडी सुसाट पळू लागली आणि मी खूश झालो. मग चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळांचं) सामान बांधून, मागे बायकोला बसवून सत्तरीत सासरी निघालो, तर साध्या चढाला गाडी पहिल्या गिअरवर आली. पोर्ट वर सरकला की तो लवकर उघडतो, पिस्टनला दाबायला मिळणारं अंतर कमी होतं आणि खालची ओढ जाते. ताकद वर सरकते, आणि तिथे पोचेपर्यंत चढ संपलेला असतो. घासलेलं लोखंड परत लावता येत नाही. मूळ मापाचा, न घासलेला सिलिंडर मिळवायला मला सात महिने लागले. तुमच्याकडे वडिलांचा मूळ सिलिंडर आहे, त्याला कानस लावू देऊ नका.

आता कामाचं. सुरुवात करायच्या आधी एक वही आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या. रविवारी पहाटे पणजीतल्या आल्तिनोसारखा रिकामा चढ गाठा. दोन खुणा ठरवा, पहिल्या खुणेला तिसऱ्या गिअरमध्ये ३० च्या वेगाने पोचा, पूर्ण थ्रॉटल द्या आणि दुसऱ्या खुणेपर्यंत किती सेकंद लागले ते लिहून ठेवा. तीनदा करा. प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच चढावर, त्याच टायरच्या हवेवर, एकट्यानेच. आवाज वाढला की गाडी जोरात वाटते, त्यामुळे टू-स्ट्रोकच्या बाबतीत कानावर विश्वास ठेवायचा नाही.

पहिलं काम फुकटचं. गाडी मेन स्टँडवर लावून मागचं चाक न्यूट्रलमध्ये हाताने फिरवा, मग पुढचं उचलून फिरवा. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत तीन वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रेक ड्रमला आतून गंज धरतो, शूचा कॅम अडकतो आणि ब्रेक कायम थोडा लागलेला राहतो. अकरा घोड्यांच्या गाडीला हा भार फार होतो. ड्रम उघडा, पॉलिश पेपर मारा, कॅमला ग्रीस लावा, बेअरिंगचा आवाज ऐका. चेन गंजून कडक झाली असेल तर ती वाचवायच्या भानगडीत पडू नका, स्प्रॉकेटसकट (चेनच्या दातेरी चक्रांसकट) बदला. टायर कुठला आहे तेही बघा. मूळ मागचा टायर २.७५-१८. हल्ली दिसायला बरं म्हणून जाड टायर घालतात. तो जड असतो, उंचही असतो, म्हणजे गिअरिंग आपोआप लांब होतं. पिकअप मारणारी ही गोष्ट कुणी मोजतच नाही.

त्यानंतर सायलेन्सर. माझ्या अनुभवात जुन्या आरएक्सचा निम्मा पिकअप इथेच अडकलेला असतो. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे फक्त आवाज दाबणारी नळी नव्हे. तो आधी रुंदावत जातो, मग अरुंद होतो. जळलेल्या वायूची दाबलहर रुंदावणाऱ्या भागातून जाताना सिलिंडर ओढून रिकामा करते, पुढे अरुंद भागावर आपटून परत येते आणि बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पोर्ट बंद होण्याआधी आत ढकलते. एक्झॉस्टला व्हॉल्व नसलेल्या इंजिनाचं अर्धं काम हा पत्र्याचा डबा करतो. त्याची लांबी आणि उतार त्याच इंजिनासाठी मोजूनमापून ठरवलेले आहेत. मोकळी नळी लावली की ही परतीची लहर बिघडते. आवाज दुप्पट होतो आणि ओढ कमी होते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे बदल करू देत नाही, आणि कर्कश सायलेन्सरला पोलीस थांबवतात ते वेगळंच.

तर तोच मूळ सायलेन्सर साफ करा. मागच्या टोकाचा छोटा बोल्ट काढला की बॅफल (आतली भोकांची नळी) बाहेर ओढता येतो. तेलाचा काळा चिकट थर साचून त्याची भोकं बुजलेली असतील. उघड्यावर ब्लो टॉर्चने जाळून, तारेच्या ब्रशने घासा. सायलेन्सरची पहिली बाकदार नळी आतून बघा, तिथे कार्बनचं कडं तयार होतं. कॉस्टिक सोडा वापरणार असाल तर हातमोजे आणि चष्मा घालून, आणि फक्त लोखंडी पत्र्यावरच. हेड आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात, त्यांना सोडा खाऊन टाकतो. सिलिंडरचा एक्झॉस्ट पोर्टही तपासा. पिस्टन खाली आणून लाकडी पट्टीने हलक्या हाताने खरवडा, स्क्रू ड्रायव्हर आत घालू नका. माझ्या गाडीतून एकदा मूठभर कार्बन निघाला होता, आणि चढाची वेळ एका दुपारीत साडेतीन सेकंदांनी कमी झाली.

एअर फिल्टर काढून टाका असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आमच्या भागात २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत रस्त्यावर तांबड्या धुळीचा थर असायचा. फिल्टर काढून फिरवलेल्या गाड्यांच्या रिंगा आणि बोअर वर्षभरात खलास झालेले मी पाहिलेत. फोम रॉकेलमध्ये धुवा, पिळा, वाळवा, थोडं तेल चोळून परत बसवा. फोमचा भुगा होत असेल तर नवीन टाका.

कार्ब्युरेटर मोठा नको, साफ हवा. तीन वर्षांत फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोलचं वार्निश झालेलं असणार. जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) काढून हवा मारा, त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं. आणि एक नवी गोष्ट लक्षात घ्या. ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्याच जेटवर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. पातळ मिश्रणावर गाडी दम सोडते, तापते, आणि शेवटी पिस्टन चिकटतो. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, पावसाळ्यात तर विचारूच नका. जुने रबरी पाइप आणि ओ-रिंग त्याने फुगतात. म्हणून रबरं नवीन घाला, आणि चढाच्या चाचणीनंतर पूर्ण थ्रॉटलवरच इंजिन बंद करून, क्लच दाबून थांबा आणि प्लग काढून बघा. कॉफीसारखा तपकिरी हवा. पांढरट असेल तर मेन जेट एक नंबर मोठा टाका. काळा, ओला असेल तर उलट.

प्लग पांढरा आहे म्हणून जेट मोठा करण्याआधी मात्र हवा कुठून गळत नाही ना हे बघायलाच हवं, आणि उभ्या राहिलेल्या गाडीत माझा पहिला संशय त्यावरच असतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना खालची पोकळी मिश्रण ओढते, खाली येताना तेच वर ढकलते. क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. गाडी उभी राहिली की ते वाळतात, कडक होतात. मॅग्नेटोकडचा (वीज बनवणाऱ्या चक्राकडचा) सील गेला की बाहेरची हवा आत येते: आयडलिंग वरखाली होतं, थ्रॉटल सोडला तरी इंजिन पटकन खाली येत नाही. क्लचकडचा गेला की गिअर ऑइल आत ओढलं जातं, मागून दाट पांढरा धूर येतो आणि ऑइलची पातळी कारण नसताना घटत जाते. कार्ब्युरेटर आणि इंजिनामधल्या रबरी इनलेटला भेगा आहेत का तेही वाकवून पाहा. रीड व्हॉल्वची (मिश्रण आत घेणाऱ्या एकतर्फी झडपेची) पाती काढून उजेडासमोर धरा; पाती नीट टेकत नसतील किंवा टोकाला तुटली असतील तर बदला. दोन्ही सील आणि रीड मिळून खर्च किरकोळ, पण क्लचकडच्या सीलला त्या बाजूचं कव्हर उघडावं लागतं आणि मॅग्नेटो काढायला पुलर लागतो. हातोडी मारणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

क्लच घसरतो का हे ओळखणं सोपं आहे: चढाला आवाज वाढतो, वेग वाढत नाही. कधी प्लेटा झिजलेल्या नसतातच, कारमध्ये घालायचं ऑइल टाकलेलं असतं. त्यातल्या घसरण आणणाऱ्या रसायनांमुळे ओला क्लच पकडत नाही.

एवढं सगळं करूनही किक हलकी लागत असेल, कॉम्प्रेशन कमी असेल, तर रिंगा किंवा रिबोअर (सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करणं). पिस्टन ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी मोठा मिळतो, तेव्हा लागेल तेवढाच पुढचा टप्पा घ्या. बोअर करणारा चांगला निवडा, आणि काम झाल्यावर पहिले ५०० किलोमीटर तरी गाडी ताणू नका.

आता गाडी मूळच्या तब्येतीत आली असं धरू. त्यानंतरही चढाला आणखी ओढ हवी असेल, तर मी एकच बदल सुचवेन, कारण तो चार बोल्टमध्ये परत फिरवता येतो: पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी. आधी आपल्या गाडीचे दात मोजा, तीस वर्षांत कुणीतरी बदललेलं असू शकतं. १४ चे १३ केले की प्रत्येक गिअरमध्ये चाकावरची ओढ ७.७ टक्क्यांनी वाढते. त्याच आरपीएमला वेग सुमारे ७ टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे ६० ला इंजिन पूर्वी ६५ ला ओरडायचं तसं ओरडेल. पर्वरी ते म्हापसा रोजच्या रहदारीत हा सौदा फायद्याचाच आहे. स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालतो, त्यामुळे त्याचं वाचन बदलत नाही. दोन दात कमी करू नका, चेन फार लहान चाकावर वाकते आणि लवकर जाते.

वजनाचं गणितही करून पाहा. गाडी १०३, तुम्ही समजा ७०. जाड क्रॅश गार्ड, लोखंडी कॅरिअर, बाजूचा डबा मिळून आठ किलो उतरवले तर एकूण वजन साडेचार टक्क्यांनी कमी. साडी गार्ड मात्र राहू द्या, तो नियमाने लागतो.

राहिलं चालवणं. या इंजिनाची सर्वांत जास्त ओढ ६५०० आरपीएमच्या आसपास आणि सर्वांत जास्त ताकद ७५०० ला. चार गिअरची गाडी आहे, चौथ्यात टाकून चढाला लोळत नेलं तर ती कुथणारच. चढ सुरू व्हायच्या आधी एक गिअर खाली घ्या आणि इंजिनाचा सूर बदलून ते खरंच ओढू लागलं की तिथेच धरून ठेवा. पण सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर हळू. थंड सिलिंडरमध्ये पिस्टन आधी फुगतो, आणि पहिल्याच चढाला पिळलेला थ्रॉटल त्याला जागच्या जागी चिकटवतो. तुमच्या घरापासून मोठा चढ किंवा उतार लगेच लागत असेल, तर गाडी बाहेर काढून दोन मिनिटं हलक्या थ्रॉटलवर चालू ठेवा, मगच निघा.