नर चढतात पण माद्या गाभण राहत नाहीत: टॉनिकच्या आधी बघायच्या गोष्टी

चिकोडीकडच्या तुमच्या शेडमधले न्यूझीलंड व्हाइट जातीचे नर ससे मार्चपर्यंत चांगले होते, आता मे महिन्यात मादीवर चढतात पण पिल्लं होत नाहीत आणि दुकानदाराने व्हिटॅमिन ई-सेलेनियमचं टॉनिक सुचवलंय. घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. घ्यायला हरकत नाही, पण या महिन्यात त्याने काही बदलणार नाही. सशाच्या वृषणात शुक्राणू तयार व्हायला साधारण 7 आठवडे लागतात, पक्व होऊन बाहेर पडायला आणखी काही दिवस. आज दिलेला खुराक जुलैत दिसेल. आठवडाभर पाजून फरक नाही म्हणून बाटल्या बदलत बसू नका, पैसे वाया जातात.

आधी दोष नक्की कुठे आहे ते ठरवा. मादीला नराच्या पिंजऱ्यात सोडा, उलट नको. खरं मीलन झालं की नर एका बाजूला कलंडतो, कधी किंचाळतो. तो कलंडलाच नाही तर मीलन झालंच नाही. मग त्याचे तळपाय उलटे करून बघा. जाळीने टाचेला जखम झाली असेल तर तो नीट चढणारच नाही. तो कलंडला, पण 16-18 दिवसांनी मादी केस उपटून घरटं करायला लागली आणि पिल्लं नाहीत, तर बीज सुटलं होतं पण गर्भ राहिला नाही. तुमच्याकडे हेच असेल तर संशय नराच्या वीर्यावर जातो.

त्याचं पहिलं कारण ऊन. सशाला घाम येत नाही, तो कानांतून उष्णता बाहेर टाकतो. हवा 30 अंशांच्या वर सतत राहिली की वीर्य बिघडतं, आणि ऊन उतरलं तरी सुधारायला आठवडे जातात. डोंगराळ खानापूरच्या मानाने चिकोडी-अथणीकडे हा त्रास जास्त. पत्र्यावर उसाचा पाला टाका, दुपारी ओलं गोणपाट लावा, नर सर्वात गार कोपऱ्यात ठेवा आणि मीलन पहाटेच करा.

दुसरं, म्हशीची सरकी पेंड थोडी सशांनाही टाकता म्हणालात. ती आजच बंद करा! सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, ते नराची प्रजननक्षमता कमी करतं. बुरशी आलेली शेंगदाणा पेंडही नको. कोंबडीच्या खाद्यात सॅलिनोमायसिनसारखी औषधं असू शकतात, ती सशाला जिवावर बेततात.

आता टॉनिक. शुक्राणूच्या आवरणातल्या चरबीला उष्णतेच्या ताणात इजा होते, ती व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम आवरतात. पण सेलेनियम जास्त झालं तर विषारी, म्हणून गोळी खाद्याच्या पोत्यावर ते आधीच आहे का ते वाचा आणि मात्रा पशुवैद्यकांना विचारूनच ठरवा. व्हिटॅमिन सी सशाचं यकृत स्वतः बनवतं, तरी कडक उन्हाळ्यात ते पाण्यातून दिल्याचा उपयोग होतो. पाणी रोज ताजं हवं. बी गटासाठी वेगळा खर्च नको, ससा स्वतःची मऊ लेंडी खाऊन ते मिळवतो. रोज लसूणघास आणि शेवग्याचा पाला द्या. हरभरा भिजवून मूठ-मूठ घालू नका, नर लठ्ठ झाला की सुस्तावतो.

पुढच्या उन्हाळ्यासाठी ई-सेलेनियम फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच चालू करा, म्हणजे एप्रिलच्या वीर्याला त्याचा उपयोग होईल.