टोकणाऱ्याला बाहेर काढू नकोस

प्रभूमध्ये प्रिय मित्रा, सलाम.

पुढाऱ्याने दिलेला पैसा पै न पै मुलांवर खर्च झाला, शिबिर छान झालं, मग मन का खातंय, असं तू विचारतोस. पैशांचं राहू दे. तो पैसा घ्यायला विरोध करणाऱ्या काकांना तू तरुण संघाच्या ग्रुपमधून काढलंस, त्याबद्दल बोल.

यहूदाच्या आसा राजाचं चरित्र पुन्हा वाच. बायबलमध्ये, २ इतिहास, अध्याय १४ ते १६. मूर्तिपूजेपायी यानेच माकेला राजमातेच्या पदावरून उतरवलं. मारेशाजवळ जेरह कूशी अफाट सैन्य घेऊन आला तेव्हा यानेच देवाचा धावा केला. अजऱ्या संदेष्टा बोलला तेव्हा यानेच ऐकलं. आणि कारकिर्दीच्या ३६ व्या वर्षी इस्राएलचा राजा बाशा याने यहूदाची वाट अडवायला रामा नगर बांधायला घेतलं, तेव्हा आसाने मंदिरातलं सोनं-रुपं काढून दिमिष्काला अरामी राजा बेन-हदादकडे पाठवलं, बाशावर चालून जा म्हणून. डाव जमला! बाशाने काम टाकलं, त्याच दगडांनी आसाने गेबा आणि मिस्पा बांधली. जमलं म्हणजे योग्य होतं का?

हनानी द्रष्ट्याने तोंडावर सांगितलं, तू देवावर भिस्त ठेवली नाहीस. आसाने त्याला कैदेत टाकलं. माझ्या मते आसा इथे पडला. सोनं पाठवलं तिथे नाही. दाविद राजाचा अपराध कितीतरी भयंकर, पण नाथान संदेष्ट्याने टोकल्यावर तो नमला. टोकणाराच कोंडला तर सांगणार कोण? त्याच वेळी आसाने प्रजेतल्या काहींवर जुलूम केला. ३९ व्या वर्षी पायांना भारी रोग जडला, तरी तो देवाकडे वळला नाही.

मीही एकदा मंडळीच्या कमिटीत हिशोब विचारला. मला बोलावणं बंद झालं. कडवट म्हातारा म्हणतात. म्हणू देत, उद्या पुन्हा विचारीन. एकाही तरुणाने घरी येऊन 'तुम्ही असं का विचारलंत' म्हटलं नाही, हे मात्र अजून सलतं. म्हणून तुझ्यावर चिडलोय, बाळा. तू त्यांच्यातला होऊ नकोस.

याच हनानीचा मुलगा येहू, आसाच्या मुलाला, यहोशाफाटाला, तसाच सामोरा गेला. इस्राएलचा दुष्ट राजा अहाब याच्याशी केलेल्या दोस्तीबद्दल खडसावलं. यहोशाफाटाने त्याला कोंडलं नाही. उलट यहोशाफाट स्वतः प्रजेत फिरला, लोकांना देवाकडे वळवलं, नगरोनगरी न्यायाधीश नेमले. बापाने जे केलं ते मुलाने केलं नाही, तुलाही करायची गरज नाही.

रविवारची वाट बघू नकोस. आजच काकांकडे जा. ते जास्त बोलले तरी मध्ये तोडू नकोस.