साठ नावांची यादी फाडून टाक

प्रिय मैत्रिणीच्या लेकी,

मंगळवारी रात्री साडेअकराला पाठवलेली तुझी एक्सेलची फाइल मी बुधवारी सकाळी चहा घेताना उघडली. चहा तसाच राहिला. साठ नावं. प्रत्येकासमोर कंपनी, हुद्दा, लिंक्डइनचा दुवा, ‘काय बोलायचं’ असा एक रकाना आणि शेवटी ‘झालं / राहिलं’. ब्रसेल्सची फॉसडेम, म्हणजे ओपन सोर्सवाल्यांची (ज्यांच्या प्रोग्रॅमचा कोड सगळ्यांना खुला असतो त्यांची) परिषद, दोनच दिवसांची, आणि त्यात साठ माणसं! अगं, रिसेप्शनला स्टेजवर उभ्या केलेल्या नवरा-नवरीलाही माणसं अशीच भेटतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यातला एक चेहरा त्यांना आठवत नाही.

मी तेव्हाच तुला फोन करून झापणार होते. पण फाइलच्या खाली तू दोन ओळी लिहिल्या होत्यास. ‘मावशी, माझ्या कंपनीचं नाव ऐकून लोक बोलणं आटोपतं घेतील का? आणि माझं इंग्रजी ऐकून?’ म्हणजे साठ नावांची यादी ही या दोन ओळींवर घातलेली चादर आहे. म्हणून फोन न करता लिहायला बसले.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. फॉसडेमला गळ्यात पट्टा नसतो. आपल्याकडच्या परिषदांत कसं होतं? समोरच्याची नजर आधी तुझ्या छातीवरच्या कार्डाकडे जाते, कंपनी वाचते, मग ठरवते हसायचं की नाही. तिथे नोंदणीच नाही, फी नाही, त्यामुळे कार्डही नाही. ब्रसेल्सच्या विद्यापीठाच्या सोलबॉश आवारात शनिवारी सकाळी चालत शिरायचं, बास. नक्की किती माणसं येतात ते त्यामुळेच कुणाला ठाऊक नसतं, आयोजक आठ हजारांच्या वर म्हणतात. त्या आठ हजारांत तू कुठल्या कंपनीची हे तू सांगितल्याशिवाय कळणार नाही, आणि बहुतेक जण विचारणारही नाहीत. ‘कशावर काम करतेस?’ असं विचारतील. तिथे मॅनेजरचं नाव, क्लायंटचं नाव, टीममध्ये किती जण, असलं काही सांगू नकोस. काय करतेस ते सांग.

इंग्रजीचं म्हणशील तर त्या आवारात निम्म्याहून अधिक लोकांची ती मातृभाषा नसते. फ्रेंच माणूस त्याच्या पद्धतीने बोलतो, पोलिश बाई तिच्या पद्धतीने, आणि सगळे सावकाश बोलतात. तू लातूरच्या पद्धतीने बोल.

आणि हे ऐकून ठेव. ही परिषद २००० साली रफाएल बोदुआँ नावाच्या माणसाने सुरू केली, तेव्हा तिचं नाव ऑस्डेम होतं. का सुरू केली, तर ओपन सोर्समध्ये कोड लिहून भर घालण्याइतकं डोकं आपल्याला नाही असं त्याला वाटत होतं. मग निदान माणसं तरी एकत्र आणू, म्हणून. नावातलं ‘फ’, म्हणजे ‘फ्री’, पुढे मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या रिचर्ड स्टॉलमनच्या आग्रहाने लागलं. ज्या जागेचा पायाच ‘मला जमत नाही, पण मी एवढं करतो’ या वाक्यावर घातलाय तिथे तू तुझ्या कंपनीच्या नावाची लाज घेऊन जाणार आहेस का?

आता माझं म्हणणं. एकच आहे आणि ते मी या पत्रात चार वेळा तरी सांगणार, कंटाळलीस तरी. तिथून ओळखी आणू नकोस, एक काम आण. कुणाचं तरी, छोटं, तुला पुरं करता येईल असं. आणि परत आल्यावर आठ दिवसांत ते कर.

मी हे शहाणपणाने सांगत नाहीये. २०१३ साली मी आइंडहोव्हनला ऑनसाइट होते आणि स्वतःच्या पैशाने ट्रेनने ब्रसेल्सला गेले. जाण्याआधी पुण्याहून अप्पा बळवंत चौकाजवळ दोनशे व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली होती, गुळगुळीत, कोपरे गोल केलेली. दोन दिवसांत बारा वाटली. उरलेल्यांच्या मागे मी इतकी वर्षं वाणसामानाच्या याद्या लिहिते आहे. तुझ्या आईने पाहिलीत ती, विचार तिला.

पण तिथे प्रकल्पवाले आपापली टेबलं मांडून बसतात, त्यातल्या एका टेबलापाशी मला खरंच एक माणूस भेटला होता. प्रकल्पाचं नाव नाही सांगत. चाळिशीचा, स्वेटरच्या बाह्या वर केलेला, समोर स्टिकरांचा ढीग. त्याला मी म्हटलं, तुमच्या प्रोग्रॅममध्ये मराठी शब्द शोधताना गडबड होते. तो म्हणाला, दाखव. मी कार्डाच्याच मागे दोन शब्द लिहिले: दर्या आणि दऱ्या. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. त्याला देवनागरी वाचता येत नव्हती, पण दोन्हींतला फरक त्याने लगेच बोटाने दाखवला. पहिल्यात र डोक्यावर चढलाय, दुसऱ्यात तो य च्या आधी आडवा बसलाय. मग मी त्याला खरी अडचण सांगितली. हा आडवा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कळफलक युनिकोडमधला (यंत्रासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीतला) वेगळा ऱ वापरतात, तोच नुक्त्याचा, खाली टिंब असलेला, ०९३१ क्रमांकाचा, आणि त्याला हलंत जोडतात. काही कळफलक साधा र घेतात, हलंत लावतात आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह टाकतात. कागदावर दोन्ही ‘दऱ्या’ हुबेहूब सारख्या. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. एका तऱ्हेने लिहिलेलं दुसऱ्या तऱ्हेने शोधलं की ‘सापडलं नाही’.

त्याचे डोळे असे चमकले की मी आजही विसरले नाही. दोनशे कार्डांनी झालं नसतं ते. तो म्हणाला, मला एक छोटी फाइल पाठव, दोन्ही तऱ्हा असलेली, आणि काय व्हायला हवं ते दोन ओळींत लिही. बाकी माझ्याकडे लागलं. मी म्हटलं, सोमवारी पाठवते.

पाठवली नाही.

आता तू विचारशील का. तर त्या सोमवारी रिलीज होतं. मग सासऱ्यांना पुण्यात ॲडमिट केलं, मी रात्री-अपरात्री फोनवर. मग वाटलं, नुसती फाइल काय पाठवायची, नीट अभ्यास करून सगळ्या जोडाक्षरांची पाठवू. मग एप्रिल उजाडला आणि इतक्या उशिरा पाठवायची लाज वाटू लागली. ही सगळी कारणं खरी आहेत. मी खोटं बोलत नाही. फाइल करायला वीस मिनिटं लागली असती हेही खरं आहे.

२०१४ ला परत गेले. तोच माणूस, तेच टेबल, बहुधा तोच स्वेटर. मला पाहून म्हणाला, ‘दोन शब्दांच्या बाई! फाइल आली का?’ त्याला माझं नाव आठवत नव्हतं, कंपनी आठवत नव्हती, काम आठवत होतं. मी काहीतरी पुटपुटले आणि गर्दीत शिरले. पुढचा दीड दिवस त्या इमारतीतून जायचं टाळलं, पावसात वळसा घालून. २०१६ मध्ये अखेर फाइल पाठवली, तोवर त्याने तो प्रकल्प सोडला होता. दुसऱ्याच कुणाचं एका ओळीचं उत्तर आलं: धन्यवाद, ही तक्रार आधीच नोंदलेली आहे.

म्हणून सांगते, काम आण.

काम कसं मिळतं? मागून मिळत नाही. ‘मी तुम्हाला काय मदत करू’ असं विचारलंस तर समोरचा दमतो, कारण तुझ्यासाठी काम शोधणं हेच त्याला नवं काम होतं. त्याऐवजी तुला आलेली एखादी खरी अडचण घेऊन जा. तू रोज लॉगच्या, म्हणजे प्रोग्रॅमनी लिहून ठेवलेल्या नोंदींच्या, ढिगात बसतेस, तुझ्याकडे अडचणींचा काय तोटा आहे? त्यातली जी ओपन सोर्स वस्तूंमधली आहे, जी सांगून क्लायंटचं काही फुटत नाही, अशी एक निवड. लॅपटॉपवर तयार ठेव, एका मिनिटात दाखवता आली पाहिजे. टेबलापाशी जा, ‘हे असं होतं, माझं चुकतंय की तुमचं?’ एवढंच विचार. मग गप्प राहा. गप्प राहणं तुला जड जाईल. आईवर गेली आहेस.

व्याख्यानांमागे धावू नकोस. तुझ्या यादीत शनिवारी नऊ आणि रविवारी अकरा व्याख्यानं आहेत, त्यातली निम्मी आवाराच्या दोन टोकांना. बऱ्याच खोल्या छोट्या असतात, भरल्या की दारावर ‘फुल’ची पाटी लागते आणि तुला आत घेत नाहीत, कितीही लांबून आली असलीस तरी. शिवाय जवळजवळ सगळं रेकॉर्ड होतं, नंतर फुकट बघता येतं. लातूरहून व्हिडिओ बघायला एवढं तिकीट काढलंस का? दोन-तीन ऐक. ज्यात प्रश्न विचारायचाय तीच. बाकी वेळ टेबलांपाशी आणि रांगेत घालव. फ्रिट्सच्या रांगेत माणूस वीस मिनिटं अडकलेला असतो, हातात काही नसतं, मागचा-पुढचा आपसूक बोलतो. (शाकाहारी आहेस म्हणून सांगते, ते बटाट्याचे काप बेल्जियममध्ये पुष्कळदा बैलाच्या चरबीत तळतात. विचारून घे. वाफल चालेल, अंडं चालत असेल तर. आईला दशम्या द्यायला सांग.)

शुक्रवारच्या बिअरच्या जमावाचं तू विचारलंयस. वर्षानुवर्षं तो ग्रँड प्लेसजवळच्या डेलिरियम कॅफेत भरत आलाय. मी एकदा गेले, हातात लिंबू-सोडा, कानात नुसता कल्ला, कुणाचं एक वाक्य धड ऐकू आलं नाही. नाही गेलीस तर काही बुडत नाही. शुक्रवारी झोप काढ.

रविवारची संध्याकाळ मात्र चुकवू नकोस. शेवटचं व्याख्यान संपलं की लोकांना आवराआवरीसाठी थांबायची विनंती करतात. हजारो निघून जातात, थोडे थांबतात. टेबलं उचलायची, चिकटपट्ट्या खरवडायच्या, बाटल्या गोळा करायच्या. एका टेबलाचं एक टोक तुझ्या हातात आणि दुसरं ज्याच्या हातात तो कोण आहे हे तुला माहीत नसतं, त्यालाही तू. माझी ब्रसेल्समधली एकमेव टिकलेली ओळख अशा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. पोर्तुगीज बाई, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिने जिन्यात सांगितलं की तिच्या छोट्या प्रोग्रॅमचं मराठी भाषांतर कुणीतरी अर्धवट सोडलंय. ते मी तीन आठवड्यांत पुरं करून दिलं. तेव्हा फाइलचा घाव ताजा होता म्हणून दिलं, चांगुलपणाने नाही. पुढे २०२१ ला परिषद ऑनलाइन झाली तेव्हा तिने मला चॅटवर शोधून काढलं. अजून मेल येतात. त्यातून मला नोकरी मिळाली का? नाही. तू हेच विचारणार होतीस ना? तुझी आईही विचारते.

मला ठाऊक आहे माझ्याबद्दल काय बोललं जातं. ‘इतकी हुशार, पण ओळखी करता आल्या नाहीत.’ माझ्या बॅचचे तिघे व्हाइस प्रेसिडेंट झाले, मी अजून कोड वाचते. लिंक्डइनवर मी नाही, हा माझा हेका आहे आणि तू तो उचलावास असं म्हणत नाही. तुझं वय वेगळं, बाजार वेगळा, तुझ्यावर कर्ज आहे. पण त्या तिघांपैकी एकाचा मागच्या वर्षी फोन आला होता, नोकरी गेल्यावर. पाच हजार कनेक्शनं आहेत म्हणाला, आणि कुणाला फोन करू कळत नाही. मी त्याच्यावर हसले नाही. थोडंसं बरं वाटलं, हे कबूल करते. तेवढं आईला सांगू नकोस.

तर वही ने. फोन नाही, वही. बोलून झालं की दोन पावलं बाजूला जाऊन तीन गोष्टी लिही: कोण, काय अडलंय, मी काय कबूल केलं. तिसरा रकाना रिकामा असेल तर ती भेट छान झाली, विसरून जा. भरला असेल तर विमानात बसण्याआधी त्या माणसाला दोन ओळींची मेल टाक, ‘अमुक पाठवणार आहे, अमुक तारखेला.’ तारीख लिहिल्याशिवाय मेल पाठवू नकोस. सगळ्या जोडाक्षरांचा अभ्यास करत बसू नकोस. अर्धीमुर्धी असली तरी वीस मिनिटांची फाइल पाठव. साठांतून एक काम. दोन जमली तर डोक्यावर घेऊन नाचीन.

यंदा (२०२६) परिषद ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीला, म्हणजे संक्रांतीच्या वड्या उरलेल्या असतील. डबा ने. टेबलापाशी दिवसभर उभी राहिलेली माणसं भुकेली असतात. मोजे दोन जोड जास्त घे, पाऊस तिरका येतो.

आणि एक. परवा मला मराठी शोधाची अशीच आणखी एक गडबड सापडली, दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये. तुझ्याबरोबर पाठवावी, तू त्यांच्या टेबलावर दाखवशील, असं मनात आलं आणि अर्धं लिहूनही झालं होतं. ते खोडलं. तू तुझी अडचण ने. ही मी आज रात्री स्वतः पाठवते, जेवण झाल्यावर.

तुझी,
मावशी