अँटीव्हायरसने विंडोजचीच फाइल पकडली तर?

प्रश्न : अँटीव्हायरस विंडोजच्या ‘एसव्हीसीहोस्ट’ (svchost.exe) या फाइलीत ट्रोजन (साधा प्रोग्रॅम असल्याचं भासवणारा मालवेअर) दाखवतोय. डिलीट करू की क्वारंटाइन (न पुसता वेगळी कोंडून ठेवणं)?

उत्तर : डिलीट मुळीच नको. या फाइलीच्या बाबतीत क्वारंटाइनचीही घाई करू नका, कारण विंडोजच्या कितीतरी सेवा तिच्यातूनच चालतात. 21 एप्रिल 2010 रोजी मॅकॅफी या अँटीव्हायरसच्या 5958 क्रमांकाच्या अपडेटने विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक 3 मधली नेमकी हीच फाइल व्हायरस ठरवली. जगभर संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागले. नेटवर्कही बंद पडलं, त्यामुळे दुरुस्तीचा अपडेट नेटवरून पोहोचेना आणि आयटीवाल्यांना एकेका मशीनपाशी जाऊन बसावं लागलं.

म्हणून आधी इशाऱ्यातला पूर्ण पाथ, म्हणजे फाइल कोणत्या फोल्डरात आहे तो पत्ता, वाचा. बरेच जण नुसत्या नावावर निर्णय घेतात. फाइल ‘विंडोज’ फोल्डरातल्या ‘सिस्टम32’ मध्ये असेल, कालपर्यंत सगळं सुरळीत असेल आणि अँटीव्हायरस अपडेट झाल्याझाल्या इशारा आला असेल, तर तो खोटा असण्याची शक्यता बरीच. थोड्या वेळाने अँटीव्हायरस पुन्हा अपडेट करून तीच फाइल स्कॅन करा. पण तेच नाव ‘टेम्प’ किंवा ‘डाउनलोड्स’ मध्ये सापडलं, किंवा स्पेलिंगमधलं एखादं अक्षर बदललेलं दिसलं, तर खुशाल क्वारंटाइन करा.

प्रश्न : सिस्टम32 मधल्या एका फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅबच नाही. म्हणजे फाइल बनावट?

उत्तर : तेवढ्यावरून नाही. विंडोजच्या अनेक फाइलींची डिजिटल सही, म्हणजे फाइल कुणाची आहे आणि बदललेली नाही याची खूण, वेगळ्या कॅटलॉग फाइलीत ठेवलेली असते, म्हणून टॅब दिसत नाही. विंडोज 10 किंवा 11 वर पॉवरशेलमध्ये (कमांड टाइप करायची विंडोजचीच खिडकी) ‘गेट-ऑथेंटिकोडसिग्नेचर’ (Get-AuthenticodeSignature) ही कमांड फाइलीच्या पाथसह चालवा. ‘व्हॅलिड’ असं उत्तर आलं आणि सही मायक्रोसॉफ्टची असेल, तर ती फाइल कुणी बदललेली नाही.

प्रश्न : व्हायरसटोटलवर (एकच फाइल अनेक अँटीव्हायरसकडून तपासून देणारी वेबसाइट) सत्तरेक इंजिनांपैकी, म्हणजे अँटीव्हायरसांपैकी, दोघांनीच फाइल वाईट ठरवली. निर्धास्त राहू का?

उत्तर : फाइल कुठून आली यावर ते ठरतं. सही असलेली, जुनी, माहितीतली फाइल असेल आणि दोघांनीही ‘जेनेरिक’ छापाचं मोघम नाव दिलं असेल, तर बहुधा खोटा इशारा. क्रॅक किंवा कीजेन (पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवण्यासाठीचे चोरटे प्रोग्रॅम) असेल तर हा हिशोब लावूच नका. नवा मालवेअर पहिल्या दिवशी फार थोड्या इंजिनांना ओळखता येतो, आणि ‘क्रॅकवर इशारा येणारच’ असं सांगूनच तो लोकांच्या गळी उतरवला जातो. आणखी एक : तिथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि संशोधकांना मिळू शकते. ऑफिसची, बँकेची कागदपत्रं चढवू नका. आधी फाइलीचा हॅश (फाइलीच्या मजकुरावरून निघणारी ठशासारखी अक्षर-आकड्यांची ओळ) काढून तो तिथे शोधा.

प्रश्न : फाइल क्वारंटाइनमध्ये गेली आणि आता विंडोज धड चालत नाही.

उत्तर : सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच सेवांसह विंडोज सुरू करून, जा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. तिथे क्वारंटाइन उघडत असेल तर फाइल ‘रिस्टोअर’ करा. उघडत नसेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून सिस्टम फाइल चेकर, म्हणजे ‘एसएफसी स्कॅननाऊ’ (sfc /scannow), चालवा. तो विंडोजकडच्या जपलेल्या प्रतीवरून फाइल परत बसवतो. मग अँटीव्हायरस लगेच अपडेट करा, नाहीतर तो तीच फाइल पुन्हा उचलेल. तोवर स्कॅनमधून सूट द्यायचीच झाली तर त्या एका फाइलीला द्या, अख्ख्या सिस्टम32 ला नको. अपडेट आला की ती सूटही काढून टाका.